लिंबाच्या आडोशाला

परवा नात बाळंत झाली, बारामतीला, दवाखान्यात. मी बघायला गेले तर पोरगी खाटेवर निवांत पडलेली, शेजारच्या पाळण्यात बाळ, आणि दोघांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. खिडक्या सताड उघड्या. मी म्हटलं, "अगं, कानाला काही बांधलं का नाही?" तर नात हसली, आणि नर्सनं माझ्याकडं असं बघितलं की मी जणू पेशवाईतून उठून आलेय. शहाण्या माणसानं दवाखान्यात तोंड उघडू नये. पण त्या पंख्याखाली मला बसवेना. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिले.

घरात सगळ्यांना वाटतं, म्हातारीला जुन्या चालीरीतींचं खूळ आहे. तसं काही नाही. चालीरीती मी पुष्कळ मोडल्या, काही तर मुद्दाम मोडल्या. पण ओल्या बाळंतिणीच्या अंगावरून वारा गेलेला मला अजून बघवत नाही. त्याचं कारण मी कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला बसले की मी भलतंच काही बोलत सुटते. लिहिताना तेवढं होत नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर सांगवीच्या शिवारात, नीरेच्या पाटाखाली. गावात घर होतं, पण आम्ही राहायचो मळ्यात, वस्तीवर. आबा, आई, दादा आणि लग्न होईपर्यंत मी. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना झाडांचं भारी वेड. नुसतं लावण्याचं नव्हे, झाडांविषयी बोलण्याचं. कुणी गोठा बांधायला काढला, कुणी विहिरीवर मोटेच्या बैलांसाठी उतरती धाव पाडायला घेतली, की आबांना बोलावणं यायचं: कुठलं झाड ठेवावं, कुठलं काढावं, वारा कुठून अडवावा. आबा जायचे, चिलीम ओढायचे, झाडाभोवती एक फेरी मारायचे आणि निकाल द्यायचे. त्यावर अपील नसे.

झाडाची जात वाऱ्यात कळते, असं त्यांचं म्हणणं. "शेवग्याचं लाकूड म्हंजी गाजर," ते म्हणत. "वाऱ्याचं नाव काढलं की मोडतंय. त्यो दारात लावणारा मानूस बी तसलाच." बाभळीला ते फार मानत. बाभूळ वाऱ्याशी भांडत नाही, बारीक पानातून त्याला वाट देते आणि खाली मूळ पार पाताळात घालते. चिंच लवते पण मोडत नाही. वडाला पारंब्यांचे पाय, त्याची काळजी नको. आंबा मात्र डोक्यानं जड, वर भार फार घेतो, म्हणून त्याला मोकळ्यावर लावू नये. केळ पान फाटू देते आणि बुंधा वाचवते. "पर घड धरलेली केळ असली, तर पयल्या झोटाला आडवी," हेही ते सांगत. माझं लग्न ठरवताना ते इंदापूरकडं स्थळ बघायला गेले, तेव्हा मुलाआधी त्यांनी परसातली झाडं बघितली. परत आल्यावर आईनं विचारलं, मुलगा कसा आहे. आबा म्हणाले, "शेवगा न्हाय दारात. घर बरं हाय." आई कितीतरी दिवस हे सांगून हसायची.

सगळ्यांत वरचा मान लिंबाचा, म्हणजे कडूलिंबाचा. आमच्या वस्तीच्या मागं, पश्चिमेला, आबांच्या आज्यानं लावलेला लिंब होता. दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड. आषाढातला पश्चिमेचा वारा माळावरून जो सुटतो, तो या लिंबावर येऊन आपटायचा आणि आमचं धाब्याचं घर त्याच्या आडोशाला सुखानं झोपायचं. आबा म्हणत, "लिंब हुशार. लईच वारा झाला तर एक फांदी टाकून देतो, पर जागा सोडत न्हाय." आणि ते खरंही होतं. माझ्या जन्मापासून मी लिंबाच्या फांद्या पडलेल्या बघितल्या, पण लिंब तसूभर हललेला बघितला नव्हता.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा मळ्याची कळा बदलली होती. साल मला नक्की सांगता येणार नाही. वर धरणात पाणी वाढून पाट बारा महिने वाहायला लागला होता, आणि पूर्वेच्या अंगाला, वालचंदनगरकडं, उसाच्या गाड्यांची रीघ लागायची ते दिवस. आमच्या वरच्या अंगाच्या सगळ्यांनी ऊस केला होता, आम्हीही केला होता. पाटाला पाणी सुटलं की जो तो आपली पाळी भरभरून घेई. आलेलं पाणी सोडायचं म्हणजे दारी आलेल्या लक्ष्मीला हाकलायचं. विहिरीला पूर्वी मोटेचा नाडा पुरत नसे, आता काठावर ओणवं होऊन कळशी बुडवली की भरत होती. आम्हा बायकांना केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू. खालच्या दोन वाफ्यांत जमिनीवर पांढरं मीठ फुललं होतं, तिथं ज्वारी उगवत नव्हती. पण त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. एवढं हिरवं असताना तेवढं पांढरं कोण बघतो?

आईनं बघितलं होतं. मागच्या खोलीत धान्याच्या कणग्या असत. त्यांची बुडं बुरसायला लागली होती. भिंतीला हाताच्या उंचीइतकी ओल चढली होती. म्हणून माझी बाज पुढच्या खोलीत घालू, असं आई म्हणाली. आबांनी ऐकलं नाही. "फुडं उगवतीचं वारं येतंय. मागं लिंबाचा आडोसा हाय. बाळतिणीला वारा लागता कामा न्हाय, एवढं मला बी कळतंय." आई म्हणाली, "लिंबाची पानं औंदा इरळ झाल्यात, बघितलं न्हाय का तुमी?" आबा म्हणाले, "शिमग्यात समद्याच झाडांची पानं झडत्यात. फुटतील." यावर आई काय बोलणार? झाडांच्या बाबतीत आबांच्या पुढं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. मला तर कुणी विचारलंच नाही. बाळंतीण म्हणजे घरातलं सगळ्यांत जपलेलं आणि सगळ्यांत कमी विचारलेलं माणूस.

मुलगी झाली. सुईण मावशी सांगवीचीच, मुसलमानाची, आमच्या भावकीतली निम्मी पोरं तिच्या हातावरची. तिनं मुलीला तेल लावून उलटसुलट केलं आणि म्हणाली, "आवाज खणखणीत हाय. सासरी कुनाला ऐकायची न्हाय ही." माझी मान लगेच ताठ झाली. काळीसावळी, डोक्यावर दाट जावळ, मुठी घट्ट मिटलेल्या. मी दिवसातून किती वेळा त्या मुठी उलगडून बघायची त्याला सुमार नाही.

खोलीचा बंदोबस्त आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं कडेकोट होता. एकच झरोका, त्यात चिंध्यांचे बोळे. दाराला घोंगडी. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशोपा जळायच्या. माझ्या कानाला फडकं, पोटाला पट्टा, बाळाच्या टाळूवर तेलाचा बोळा. कोनाड्यात रात्रंदिवस दिवा. बारसं होईपर्यंत सोयर, पुरुष माणसानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मग तो बाप असो की भाऊ. आबा रोज सकाळी दाराबाहेर उभे राहून खाकरायचे आणि विचारायचे, "काय गं, बरी हायस का?" मी आतून "व्हय" म्हणायचे. नात कशी दिसते हे त्यांना आईकडून ऐकूनच माहीत होतं.

पाचवी झाली होती, बारसं व्हायचं होतं. वैशाखातला दिवस. दादा बैलगाडी घेऊन बारामतीच्या बाजाराला गेला होता. दुपार कलल्यावर एकाएकी कावळे गप्प झाले. आधीच घामाच्या धारा, त्यात आता श्वास घ्यायला हवाच नाही असं व्हायला लागलं. दाराच्या फटीतून येणारा उजेड हळदीच्या पाण्यासारखा पिवळा झाला. आई बाहेर डोकावून आली आणि म्हणाली, "वळीव येतुया." तिनं दार लावलं, घोंगडी खाली सोडली आणि फटीत पटकुरं कोंबली.

मला दिसत काहीच नव्हतं. जे कळलं ते कानांनी, तेही फडक्याआडून. आधी माळाकडून गाड्यांचा तांडा यावा तसा घोर आवाज आला. मग वारा घरावर आला. पहिला गेला शेजारच्या वस्तीवरचा शेवगा, काडकन मोडल्याचं इतकं स्वच्छ ऐकू आलं की मला हसू आलं. आबांचं गाजर आठवलं. मग केळींची पानं फाटायला लागली, धोतर टराटरा फाडावं तशी. थोड्या वेळानं तो आवाज एकदम थांबला. वारा थांबला नव्हता, म्हणजे केळी आडव्या झाल्या होत्या. ती बाग घडांना आलेली होती. गोठ्यावरचं पाचटाचं छप्पर उडालं, म्हैस ओरडली. आणि या सगळ्यांच्या वर, अगदी माझ्या डोक्यावर, लिंबाचा तो सरसर आवाज. तो मला लहानपणापासून ओळखीचा. त्या आवाजात मी झोपत आलेली. म्हणून मी बाळाला जवळ घेतलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात बाजेचा पाय हलल्यासारखं वाटलं. मला वाटलं बाळंतपणाची चक्कर असेल. पण पुन्हा हलला. खालून, जमिनीतून, दबका धक्का येत होता. वाऱ्याचा झोत आला की एक. भिंतीचा गिलावा सुटून शेगडीवर पडला. मी आईला म्हटलं, "आई, जमीन हालती गं." आई म्हणाली, "ढग गरजत्यात." पण तिनंही भिंतीवर तळहात टेकवला होता आणि तो काढला नव्हता.

मग दारावर आबांचा आवाज. "अगं, उघड. पोरीला भाईर काढ."

आईनं दार बोटभर उघडलं. "काय झालं?"

"लिंब मुळातनं उचलतुया. माळाच्या अंगाला भुई फुगाय लागली, भाकर फुगावी तशी."

"मग फुडल्या खोलीत नेऊ?"

"समदं घर त्याच्या टप्प्यात हाय. पडला तर कायबी राहनार न्हाय. भाईर, खळ्यावर चला."

"अवं, ओली बाळतीण हाय ती. ह्या वाऱ्यात? लेकराला काय हुईल?"

"आन हितं काय हुईल?"

आई म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, लिंब जागा सोडत न्हाय."

मी बाजेवरून त्या फटीतून त्यांचं तोंड बघत होते. डोळ्यांत, मिशीत धूळ भरलेली. ज्या माणसाच्या निकालावर अपील नसे, तो माणूस उंबऱ्याबाहेर दोन बायकांच्या होकाराची वाट बघत उभा होता. मला खोलीची भीती वाटत होती आणि बाहेरचीही. कुठं जावं हे मला कळत नव्हतं, खरं सांगते. आजही कळलेलं नाही.

पुन्हा एक धक्का आला, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. आबांनी दार ढकललं, उंबरा ओलांडला आणि सोयराच्या खोलीत सरळ आत आले. आई मागं सरली. त्यांनी बाजेवरून बाळ उचललं, बंडीच्या आत छातीशी धरलं आणि मला म्हणाले, "पोरी, माझ्या धोतराला धर." मी उठले. किती दिवसांनी उभी राहिले होते. आईनं माझ्यावर घोंगडी टाकली, आणि आम्ही बाहेर पडलो.

वारा काय असतो हे मला तेव्हा कळलं. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि कानाचं फडकं उडून गेलं. तोंडात माती. खळं घरापासून लांब, उगवतीला, उघडंबोडकं; धान्य उफणायला वारा लागतो म्हणून तिथं झाड ठेवलेलंच नव्हतं. आबांनी आम्हाला मेढीच्या, मळणीच्या खांबाच्या, खड्ड्याशी बसवलं, स्वतः वाऱ्याकडं पाठ करून बसले आणि घोंगडी चौघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. वारा घोंगडीच्या खालून शिरत होता. आई दोन्ही हातांनी कडा जमिनीवर दाबून धरायची, एक दाबली की दुसरी सुटायची. जाड थेंब आले, चार-दोन गारा आल्या.

घोंगडीच्या त्या अंधारात आबांनी बंडीचा बंद सोडून बाळाचं तोंड बघितलं. पहिल्यांदा बघत होते. ती रडत नव्हती, टक लावून त्यांच्या मिशीकडं बघत होती. आबा मला म्हणाले, "नाक तुज्या आयवर गेलंया." आणि हसले. अशा वेळी माणूस हसू शकतं याचं मला नवल वाटलं, पण मीही हसले. आईसुद्धा म्हणाली, "तुमच्यावर गेलं न्हाय हे बरं झालं." पायलीभर दळण निघावं एवढा वेळ आम्ही तिथं बसलो असू.

मग वारा फिरला. वळवाच्या वाऱ्याचं असंच, त्याला दिशेचा धरबंध नसतो. पश्चिमेचा होता, तो एका दमात पूर्वेचा झाला. आमच्या तोंडावर आला, घोंगडी मागं उलटली. मी मान वळवून मागं बघितलं, त्याच वेळी लिंब गेला. मोडला नाही. आवाज न करता आधी कलला, मग सावकाश, म्हातारा माणूस भुईवर टेकत बसतो तसा, घराच्या उलट्या दिशेला, माळाच्या अंगाला, उसात जाऊन पडला. जमीन हादरली. आबा उभे राहिले होते. ते पुन्हा खाली बसले.

वारा पडल्यावर आम्ही घराकडं आलो. घराला काही झालेलं नव्हतं. धाब्याची मातीसुद्धा ढळली नव्हती. मागच्या खोलीत आई आधी गेली. शेगडीतले निखारे फुललेले होते, ओव्याचा धूर खोलीत भरून राहिला होता, आणि कोनाड्यातला दिवा जळत होता. माझी बाज होती तशीच होती, गोधडीवर माझ्या अंगाचा खळगा तसाच. खोलीत वाऱ्याचं नाव नव्हतं. आईनं दिव्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं नाही, आणि पाणी तापवायला चुलीकडं गेली.

आबा पडलेल्या लिंबाशी गेले ते बराच वेळ तिथं होते. मी नंतर दादाकडून ऐकलं: मुळं काळी पडली होती, हात लावला की साल हातात यायची आणि कुजका वास. खड्ड्यात पाणी तुंबलं होतं. वर पानं हिरवी आणि खाली सगळं गेलेलं. माळावरच्या कोरड्यातल्या बाभळी मात्र जशाच्या तशा उभ्या होत्या, एक फांदी तुटली नव्हती. विहिरीवरची चिंचही उभी होती. त्या सगळ्या शिवारात जे जे उभं राहणार म्हणून आबांनी सांगितलं होतं ते उभं राहिलं आणि जे पडणार म्हणून सांगितलं होतं ते पडलं. फक्त लिंबाचं चुकलं, आणि तेही दोनदा. पडणार नाही म्हणाले तर पडला, घरावर पडणार म्हणाले तर माळाकडं पडला.

दिवेलागणीला बाळाचं अंग तापलं. तिनं अंगावर प्यायचं सोडलं. सकाळपर्यंत छातीत घरघर लागली आणि श्वासागणिक बरगडीखाली खळगा पडायला लागला. सुईण मावशी आली, तिनं बाळाला मांडीवर घेतलं, छातीला कान लावला. खणखणीत आवाजाची माझी पोर आता मांजराच्या पिलासारखी कण्हत होती. मावशीनं ओव्याची पुरचुंडी करून शेक दिला, वेखंड उगाळून लावलं. मग म्हणाली, "हे माझ्या हातातलं न्हाय. बारामतीला डागदराकडं न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

दादानं गाडी जुंपली. बैल अंगणात उभे राहिले. पण वारा अजून सुटलेलाच होता. कालच्यासारखा नव्हे, पण धूळ उडवणारा, थांबून थांबून झोत मारणारा. बारामतीपर्यंत उघड्या गाडीतून जायचं. आई म्हणाली, "फिरून वाऱ्यात? कालच्या वाऱ्यानंच ही गत झालीया." मावशी म्हणाली, "हितं ठिवली तर काय हुनार हाय?" काल आबा हेच म्हणाले होते, जवळजवळ याच शब्दांत. मग दोघीही आबांकडं बघायला लागल्या. दादा गाडीपाशी कासरा हातात धरून आबांकडं बघत होता. मीही आतून त्यांच्याकडंच बघत होते. घरातली सवयच ती.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी विहिरीवरच्या चिंचेकडं बघितलं, ती हलत होती. मग खाली जमिनीकडं बघितलं. मी वाट बघत होते, न्या म्हणतील नाहीतर नका नेऊ म्हणतील; काहीही म्हणाले असते तरी मी ऐकलं असतं. आबा म्हणाले, "मला इचारू नका."

एवढंच. उठले आणि बैलांच्या तोंडापुढं जाऊन उभे राहिले.

आई म्हणाली, वारा पडला की निघू. मावशी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा शेकायला बसली. मला ओरडावंसं वाटत होतं. पण काय ओरडू? न्या म्हणू की नको म्हणू? काल खोलीतून बाहेर काढलं म्हणून हे झालं असेल, तर आज बाहेर काढून बरं कसं होणार? आणि आज ठेवून जर वाईट झालं तर? मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. मी तिच्या मुठीत माझं बोट घातलं आणि दाराच्या फटीकडं बघत बसले. फटीतली चिंधी हलायची थांबली की निघायचं, असं मनाशी धरलं. चिंधी थांबायची आणि मी तोंड उघडेपर्यंत पुन्हा हलायची.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा मुठीची पकड सैल झाली. मला वाटलं झोप लागली. मावशीनं शेकायचं थांबवलं, तेव्हा कळलं. बैल अजून जुंपलेलेच होते. दादानं जू काढलं त्याचा आवाज मी आत ऐकला.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आबांनीच खणलं. कुठल्या झाडाखाली नाही, माळावर मोकळ्यात. माझे मालक इंदापूरहून आले, बसले, दोन घास कसेबसे खाल्ले आणि गेले. बारशासाठी शिवलेली कुंची आईनं कुठं ठेवली हे मी विचारलं नाही.

आबांना कुणी बोल लावला नाही. मी नाही, दादानं नाही. आईनं तर त्या दिवसाचा विषयच काढला नाही, जन्मभर काढला नाही. कधी कधी वाटतं, तिनं कडाकडा भांडण काढलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मावशी मात्र जाताना सरळ म्हणाली होती, "वारा बी न्हाय आन झाड बी न्हाय. तिचं आयुष्यच तेवढं हुतं." ती समजूत घालत होती. मला त्या वाक्याचा राग आला, आणि पुढं कित्येक वर्षं मी त्याच वाक्याला धरून राहिले.

लोक पुढंही आबांकडं यायचे. गोठ्याला आडोसा कशाचा करू, मळ्याच्या बांधाला शेवरी लावू का पांगारा लावू. आबा चिलीम पुढं करायचे, पावसापाण्याचं बोलायचे. झाडाचं बोलायचे नाहीत. माणसं हळूहळू यायची थांबली. मळा पुढं आणखी पांढरा होत गेला आणि दादानं त्या वाफ्यांचा नाद सोडला.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, यंदा माहेरी नको. वाईट मनानं नव्हे. मुलगा झाला, इंदापूरजवळ, सासरच्याच घरी. बारशाला आई आली, दादा आला. आबा आले नाहीत. बारसं झालं, पाहुणे पांगले, आणि नंतर एका दुपारी आबा एकटेच चालत आले. खांद्यावर उपरणं, त्यात बांधलेले डिंकाचे लाडू. माझे सासरे त्यांना ओट्यावर बसवून घेत होते, पण ते परसात गेले आणि घराला एक फेरी घालून आले. काय बघितलं ते बोलले नाहीत.

मी बाळाला घेऊन दारात आले. सोयर कधीच फिटलं होतं, आत यायला आता कसली आडकाठी नव्हती. मी म्हटलं, "आबा, घ्या की." बाळ पुढं केलं. त्यांचे हात थोडे वर आले. मग त्यांनी ते मागं घेतले आणि पाठीशी धरले.

"आत जा, बाय," ते म्हणाले. "दार लाव. वारा हाय."

कडक दुपार होती. परसात पानसुद्धा हलत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि बाळाला घेऊन आत आले, आणि दार लावून घेतलं. उन्हं उतरेपर्यंत ते दाराला पाठ लावून बाहेर बसून होते. मी आतून दाराला टेकून बसले होते.